चीनला मशीन घ्यायला जाताना: निघण्याआधीपासून पेटी उघडेपर्यंत

पाऊच भरायचं मशीन घ्यायचं ठरलं की आमच्या सांगलीकडचा हळद किंवा मसाला उद्योजक आज ना उद्या रुईआनचं नाव ऐकतोच. चीनच्या झजियांग प्रांतात वनचौच्या हद्दीतलं हे शहर पॅकिंग मशिनरीच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. फोटो, व्हिडिओ, कोटेशन सगळं मोबाइलवर येतं, मग एवढ्या लांब जायचं कशाला, असं मला कोणी ना कोणी विचारत असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. मशीनवर तुमचा पुढच्या दहा वर्षांचा धंदा उभा राहणार असेल तर एकदा जाच. पण तयारीशिवाय जाऊ नका. तयारी नसेल तर चार दिवस पाहुणचार होतो, अ‍ॅडव्हान्स देऊन माणूस परत येतो आणि जे प्रश्न तिथे विचारायचे ते पेटी उघडल्यावर आठवतात.

या सगळ्या प्रवासात मी एकच गोष्ट धरून चालतो. समोरच्या माणसाशी जितकं मऊ राहता येईल तितकं राहायचं आणि कागदावर जितकं काटेकोर होता येईल तितकं व्हायचं. आपल्याकडची मंडळी बहुतेक वेळा नेमकं उलटं करतात. बैठकीत आवाज चढवतात आणि सगळा सौदा एका पानाच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे विक्रीआधी दिलेल्या कच्च्या बिलावर, सोडून देतात.

आधी कॅलेंडर बघा

चिनी नववर्ष म्हणजे वसंतोत्सव चांद्र पंचांगाने येतो, त्यामुळे आपल्या दिवाळीसारखी त्याची तारीख दर वर्षी सरकते. २०२७ साली तो ६ फेब्रुवारीला आहे. सरकारी सुट्टी आठवडाभराचीच असते, पण कारखान्यातले कामगार दूरच्या प्रांतांतून आलेले असतात. ते आधीच गावी निघतात आणि बरेच जण पौर्णिमेचा कंदील-उत्सव करूनच परततात. काही जण परततही नाहीत. म्हणून नववर्षाआधीचे दोन-तीन आठवडे घाईचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे नवशिक्या हातांचे असतात, असं धरून चाला. या काळात ना भेट ठेवा, ना मशीनची डिलिव्हरी. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा आणि १ मेच्या आसपासचे दिवसही टाळा. तेव्हा कारखाने बंद आणि रेल्वेची तिकिटं संपलेली असतात.

ग्वांगझूचा कॅन्टन फेअर या प्रवासाला जोडून घेता येतो. १९५७ पासून चालत आलेली ही जत्रा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तीन टप्प्यांत भरते. मशिनरी पहिल्या टप्प्यात असते. घरगुती वस्तू दुसऱ्यात, कापड आणि खेळणी तिसऱ्यात. चुकीच्या टप्प्यात पोचलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी टप्पा तपासा. फेअरमध्ये दहा पुरवठादार एका दिवसात भेटतात, पण सौदा मात्र तिथे करू नका. तिथे फक्त निवड करा आणि कारखाना बघायला नंतर जा.

समोरची कंपनी नेमकी कोण आहे

माझ्या पहिल्या फेरीतली गोष्ट. चार महिने ज्या ‘कारखान्या’शी मी ईमेलवर बोलत होतो, त्याची माणसं मला स्टेशनवर घ्यायला आली, अगत्याने कारखाना दाखवला. फाटकावरच्या पाटीचा मी सहज फोटो काढला होता. रात्री हॉटेलवर तो फोटो आणि कोटेशनवरची चिनी अक्षरं शेजारी ठेवली, तर एकही अक्षर जुळेना. ती मंडळी मध्यस्थ व्यापारी होती आणि दाखवलेला कारखाना दुसऱ्याचाच होता. मध्यस्थ असणं हा गुन्हा नाही. लहानसहान वेगवेगळ्या मालाची खरेदी असेल तर चांगला मध्यस्थ उलट उपयोगी पडतो. पण मशीन बिघडल्यावर फोन कोणाला करायचा, हे आधी माहीत असायला हवं.

म्हणून निघण्याच्या किमान महिनाभर आधी पुरवठादाराकडून व्यवसाय परवान्याची प्रत मागवा. चीनमध्ये कंपनीचं कायदेशीर नाव चिनीतच असतं. इंग्रजी नाव हे फक्त सोयीसाठी घेतलेलं असतं. त्यावर न्यायालयात काही उभं राहत नाही. परवान्यावर अठरा अंकी-अक्षरी ‘एकीकृत सामाजिक पत क्रमांक’ असतो. तो क्रमांक चीन सरकारच्या कंपनी माहिती संकेतस्थळावर टाकला की नोंदणीची तारीख, भांडवल, पत्ता, कायदेशीर प्रतिनिधीचं नाव आणि व्यवसायाची व्याप्ती दिसते. भाषांतराचं अ‍ॅप वापरून हे घरबसल्या होतं. व्याप्तीत उत्पादनाचा उल्लेख आहे की नुसत्या विक्रीचा, हे बघा. नोंदणीचा पत्ता आणि तुम्हाला बोलावलेला पत्ता एकच आहे का, हे बघा. फरक असेल तर सरळ विचारा. कारण खरं असेल तर समोरचा न अडखळता सांगतो.

त्याच वेळी आपल्या बाजूचंही तपासा. आयात-निर्यात कोड हवाच. मशीनचा किंवा मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठीचा वर्गीकरण क्रमांक, तुमच्या कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या आणि त्यावर मूळ सीमाशुल्क, त्यावरचा समाजकल्याण अधिभार, आयजीएसटी आणि अँटी-डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) आहे का, याचा हिशेब करून घ्या. त्या वस्तूला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे का, हा प्रश्न तर विमानाचं तिकीट काढण्याआधीचा. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. यीवू या शहरातल्या घाऊक बाजारात स्वस्त आणि सुंदर खेळणी बघून हरखलेल्या माणसाला हे तिथे गेल्यावर कळलं तर काहीच हाती राहत नाही. चीनबरोबर आपला मुक्त व्यापार करार नाही, पण आशिया-पॅसिफिक व्यापार करारात दोन्ही देश आहेत. काही मालाला त्यातून शुल्कात सवलत मिळते, त्यासाठी पुरवठादाराने मूळ देशाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. हेही एजंटला विचारून ठेवा.

व्हिसा, विमान, फोन, पैसे

व्यापारासाठी एम प्रवर्गाचा व्हिसा लागतो. त्यासाठी चिनी कंपनीचं निमंत्रणपत्र हवं: कंपनीच्या लेटरहेडवर, गोल लाल शिक्क्यासह, तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे, येण्याचं कारण, तारखा आणि भेटीची ठिकाणं. हे पत्र मागवणं ही पुरवठादाराची पहिली परीक्षाही आहे. शिक्का परवान्यावरच्या चिनी नावाचाच आहे का, ते जुळवून बघा.

२०२० पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली. मुंबईहून जाणारे बरेच जण अजूनही हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जातात. हाँगकाँगमध्ये विमानतळाबाहेर पडायचं असेल तर भारतीय पासपोर्टधारकाला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, पण नसेल तर अडवतात.

चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या इंटरनेटवर चालत नाही. आपल्या भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं की साधारणपणे ते चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरतो. हॉटेलच्या वायफायवर मात्र बंद. म्हणून रोमिंग पॅक घ्या आणि महत्त्वाचे सगळे कागद फोनमध्ये उतरवून ठेवा. तिथला सगळा धंदा वीचॅटवर चालतो, पण आपल्या सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं. पुरवठादाराला हे पहिल्याच ईमेलमध्ये सांगा आणि सगळा पत्रव्यवहार ईमेलवर ठेवा. निर्यात करणाऱ्या कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपही बाळगून असतात.

रस्त्यावरचा भाजीवालाही तिथे मोबाइलवरच पैसे घेतो. परदेशी कार्ड मोबाइल पेमेंटला जोडता येतं, पण त्याचा ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो. रोमिंग नसेल तर तिथेच गाडी अडते. त्यामुळे थोडे युआन रोख जवळ असू द्या. बोलताना युआनला ‘क्वाय’ म्हणतात, ते ऐकून गोंधळू नका.

हॉटेल परदेशी पाहुणे घेतं का, ते आधी विचारा. पोलीस नोंदणी हॉटेलच करतं. कोणाच्या घरी राहिलात तर २४ तासांत स्वतः पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच निघतं, म्हणून पासपोर्ट कायम जवळ ठेवा. आणखी एक: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात थ्री-सी शिक्का (चीनचं सक्तीचं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. ग्वांगझूहून वनचौला विमानाने जाणार असाल तर आपल्याकडची बॅटरी सुरक्षा तपासणीतच सोडावी लागेल.

चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. त्यांचं जेवण दुपारी बाराला, रात्रीचं सहाला. दुपारच्या जेवणानंतर कार्यालयात दिवे मालवून डुलकी घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दीड वाजेपर्यंत फोन करू नका.

मशीनचा कागद

एका पानावर तुमची गरज दोन भाषांत लिहून न्या, चिनी आणि इंग्रजी. भाषांतर चांगल्या माणसाकडून करून घ्या, कारण हा कागद पुढे कराराचा भाग होणार आहे. त्यात विशेषणं नकोत, आकडे हवेत. ‘चांगल्या प्रतीचं स्टील’ असं लिहू नका. मालाला लागणारा प्रत्येक भाग ३०४ स्टेनलेस स्टीलचा, जाडी इतके मिलिमीटर, असं लिहा. पाऊचचं माप, वजन, वजनातला चालणारा फरक, मिनिटाला किती पाऊच, लॅमिनेटची (पाऊचच्या फिल्मची) जाडी, मोटर आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) कोणत्या कंपनीचे, पडद्यावरची भाषा इंग्रजी. विजेचा आकडा ठळक लिहा. चीनमध्ये थ्री-फेज ३८० व्होल्ट असतं, आपल्याकडे ४१५. फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे ‘तुमच्याकडेही चालेल’ असं सहज म्हटलं जातं; पण हीटर आणि कंट्रोल पॅनेल ४१५ साठी बनवलेलं आहे, हे लेखी घ्या.

सुट्या भागांची यादी, दोन वर्षं पुरतील एवढे सुटे भाग मशीनसोबत, आणि सर्किट डायग्राम इंग्रजीत. ही मागणी आधीच ठेवली तर किमतीत बसते. नंतर मागितली तर प्रत्येक भागाचं वेगळं बिल येतं.

कंपनीचं माहितीपत्रक नेणार असाल तर त्यात जगाचा किंवा भारताचा नकाशा नको. सीमा दोन्ही देश वेगळ्या दाखवतात आणि चिनी कस्टम्स असे छापील कागद अडवतात. परतीच्या मालाच्या खोक्यांवरही हेच लागू: चुकीच्या सीमा दाखवणारे नकाशे आयात करायला आपल्याकडे बंदी आहे.

दुभाषा तुमचा हवा

पुरवठादाराची विक्री प्रतिनिधी उत्तम इंग्रजी बोलते, मग दुभाष्यावर खर्च कशाला, असं वाटतं. ती मुलगी प्रामाणिक असली तरी तिचा पगार समोरून येतो. शिवाय ती जे गाळते ते तुम्हाला कळत नाही. आपला दुभाषा असला की मालक फोरमनशी काय बोलला, तेही संध्याकाळी कळतं. वनचौच्या बाबतीत एक जास्तीची अट आहे: तिथली बोली इतकी वेगळी आहे की बाहेरच्या चिनी माणसालाही ती समजत नाही. म्हणून शक्य असेल तर त्याच भागातला दुभाषा घ्या. त्याला तुमचा मशीनचा कागद दोन दिवस आधी पाठवा. ‘ऑगर’ (पावडर ढकलणारा स्क्रू), ‘सीलिंग जॉ’ (पाऊच दाबून चिकटवणारा जबडा), ‘हॉपर’ (माल ओतायचं भांडं) हे शब्द त्याने आधी बघितलेले असले पाहिजेत.

बोलताना मालकाकडे बघून बोला, दुभाष्याकडे नाही. दोन वाक्यं बोला आणि थांबा. आकडे तर तोंडी ठेवूच नका. चिनी माणूस दहा हजाराच्या पटीत मोजतो. दहा हजाराला ‘वान’ म्हणतात. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा वान. आपण लाख-कोटीत विचार करतो, दुभाषा इंग्रजी हजारात बोलतो आणि मालक वानमध्ये. या तीन मोजण्यांत एक शून्य कुठे गळेल सांगता येत नाही. माझ्या एका बैठकीत दीड तास आम्ही वेगवेगळ्या किमतींवर बोलत होतो. तेव्हापासून टेबलावर वही आणि कॅल्क्युलेटर ठेवतो, आकडा अंकांत लिहितो आणि समोरच्याला त्याखाली टिक करायला सांगतो.

बैठक आणि जेवण

दहा मिनिटं आधी पोचा. आपल्यातला सर्वांत मोठा माणूस आधी आत जातो. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, दोन्ही हातांनी घ्या, वाचा आणि टेबलावर समोर ठेवा. लगेच खिशात कोंबू नका. कार्डाच्या मागच्या बाजूला चिनीत नाव आणि हुद्दा छापून घेतलात तर फार उपयोग होतो. चिनी नावात आडनाव आधी येतं. मालकाला आडनावापुढे ‘त्सोंग’ लावून हाक मारतात: वांग त्सोंग, छन त्सोंग. आपण ‘पाटील साहेब’ म्हणतो तसंच.

पहिला अर्धा तास चहाचा. किमतीचा विषय काढू नका. कारखाना कधी सुरू केला, मुलगा धंद्यात आहे का, सांगली मुंबईपासून किती लांब, असं बोलणं होऊ द्या. सीमा, तिबेट, तैवान यांचा विषय आपण होऊन काढायचा नाही, निघाला तर चहाकडे वळवायचा.

एक विषय मात्र आपल्यापाशी आहे आणि तो आपणच काढावा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. चिनी लोक त्यांना ‘के दीहुआ’ म्हणून ओळखतात. मी ज्या भागातून येतो तिथून सोलापूर फार लांब नाही, असं मी एकदा जेवताना सांगितलं. मालकाचे म्हातारे वडील तोवर गप्प बसून होते. ते उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. सौद्यासाठी वापरायची ही युक्ती नाही. त्या माणसाबद्दल मनात आदर असेल तरच बोला.

‘म्येन्त्झ’ हा शब्द ऐकाल. शब्दशः चेहरा, पण आपली ‘चारचौघांतली पत’ त्याच्या सगळ्यात जवळ येते. कामगारांसमोर मालकाला ‘हे वेल्डिंग खराब आहे’ म्हणालात तर वेल्डिंग सुधारत नाही आणि माणूस तुटतो. तीच गोष्ट बाजूला घेऊन, फोटो दाखवून, ‘आमच्याकडचा ग्राहक इथे हात घालून धुतो, त्याला कापेल’ असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ती कड घासलेली असते. तसंच त्यांचा नकारही आडून येतो. ‘बघू’, ‘अभ्यास करतो’, ‘थोडं अवघड आहे’ म्हणजे नाही. ‘मेइ वन्थी’, म्हणजे काही अडचण नाही, हे ऐकलं की विचारा: कसं कराल, कधीपर्यंत? आणि ‘छाबुद्वो’, म्हणजे जवळजवळ तेवढंच, हा शब्द मापाबद्दल ऐकू आला तर लगेच स्केल काढा.

संध्याकाळच्या जेवणाला नाही म्हणू नका. टेबल गोल असतं. यजमान दाराकडे तोंड करून बसतो आणि मुख्य पाहुणा त्याच्या उजवीकडे. बसवतील तिथेच बसा. ‘बायजिउ’ नावाची दारू पन्नास टक्क्यांच्या आसपासची कडक असते आणि ‘गानबेइ’ म्हणजे पेला रिकामा. पीत नसाल तर पहिल्याच क्षणी सांगा, ‘डॉक्टरांनी मना केलं आहे’ किंवा ‘आमच्या घरात चालत नाही’, आणि चहाचा पेला उचला. पहिला घोट घेऊन दुसऱ्याला नाही म्हणणं जास्त अवघड जातं. पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड मोठ्या माणसाच्या पेल्याखाली ठेवतात. भातात काड्या उभ्या खोचू नका. ते मृताच्या नैवेद्यासारखं दिसतं, आपल्याकडे पिंडाच्या भाताकडे जसं पाहतात तसं.

शाकाहारी माणसाने ‘वो छ्र सू’ एवढं पाठ करावं, पण त्यावर विसंबू नये. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचं पाणी आणि ऑयस्टर सॉसही नाही, असं चिनीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा. हॉटेलात, रेल्वे स्टेशनवर, गाडीत, सगळीकडे उकळतं पाणी मिळतं. झटपट पोहे-उपम्याची पाकिटं, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या यांच्यावर आमच्यातले कितीतरी लोक आठवडा काढून आले आहेत.

भेटवस्तू न्यावी, मोठी नको. घड्याळ देऊ नका. ‘घड्याळ देणे’ आणि ‘अंत्यविधीला हजर असणे’ यांचा उच्चार त्यांच्या भाषेत सारखाच आहे. छत्रीचा उच्चार ताटातुटीसारखा. कोल्हापुरी चप्पल न्यायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण पादत्राणाचा शब्द ‘वाईट, अमंगळ’ या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून तीही नको. ताजी फळं विमानाने नेता येत नाहीत, म्हणजे आंबा गेला. छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबादची) हिमरू शाल किंवा सावंतवाडीची लाकडी फळं उत्तम. वेष्टन लाल किंवा सोनेरी, पांढरं नको. चार नग देऊ नका, चारचा उच्चार मृत्यूसारखा.

चाचणी: इथे घाई करायची नाही

पूर्ण दौऱ्यातला सगळ्यात मोलाचा दिवस हा. मशीन तुमच्या लॅमिनेटवर, तुमच्यासारख्या मालावर, सलग किमान दोन तास चालवून बघा. लॅमिनेटचे रोल दोन आठवडे आधी कुरिअरने पाठवा. हळद पावडर पाठवायला कागदपत्रांचा त्रास होतो, म्हणून तिथेच तेवढीच बारीक दळलेली पावडर आणून ठेवायला सांगा. साखरेवर किंवा तांदळावर चाचणी मान्य करू नका. माझ्या एका ग्राहकाच्या मशीनची चाचणी साखरेवर झाली होती आणि वेग कोटेशनपेक्षाही जास्त आला होता. सांगलीत हळद भरली तेव्हा पावडर उडाली, सीलच्या जागी बसली आणि दर तिसरा पाऊच गळायला लागला. मशीन खोटं नव्हतं. साखर झरझर ओघळते आणि हळद उडते, एवढाच फरक. धूळ ओढणारी जोडणी आणि वेगळा ऑगर बसवायला पुढे दोन महिने गेले.

चाचणीत शंभर पाऊच ओळीने घेऊन वजनं लिहा. दहा पाऊच पाण्यात दाबून सील तपासा. मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिले किती पाऊच वाया जातात ते मोजा. रोल बदलायला किती मिनिटं लागतात, हे त्यांच्या कारागिराकडून नको, स्वतः करून बघा.

स्टीलबद्दल. चुंबक लावून ३०४ ओळखता येतं, हा समज सोडा. स्वस्त २०१ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. फरक निकेलचा आहे: ३०४ मध्ये ते किमान आठ टक्के असतं, २०१ मध्ये साडेतीन ते साडेपाच. तपासणीचं रसायन तिथे सहज मिळतं. थेंब टाकून बॅटरी लावली की २०१ वर लाल रंग येतो. हे करण्याआधी मालकाला सांगा की ‘आमच्याकडे अन्न खात्याचे नियम आहेत, म्हणून सगळ्यांकडे करतो’. अविश्वास दाखवल्यासारखं वाटू देऊ नका. मोठा सौदा असेल तर त्रयस्थ तपासणी संस्थेचा माणूस बोलवा.

किंमत, करार, शिक्का

किंमत कमी करून मागा, पण कशात कमी झाली ते विचारा. ओढून ओढून दहा टक्के उतरवले की ते कुठूनतरी निघतात: पत्रा पातळ होतो, मोटर दुसऱ्या कंपनीची येते. मी सगळा कागद कायम ठेवून किमतीऐवजी जास्तीचे सुटे भाग किंवा कारागिराचं भारतात येणं मागतो. ते बऱ्याचदा मिळतं.

भाव एफओबी निंगबो (तिथल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा) की सीआयएफ न्हावा शेवा (जहाजभाडं आणि विमा धरून आपल्या बंदरापर्यंतचा), हे स्पष्ट लिहा. सवयीचा व्यवहार तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल निघण्याआधी असा असतो. मशीनसाठी तीस, चाचणी पास झाल्यावर साठ आणि सांगलीत चालू झाल्यावर दहा असं मागून बघा. पाच टक्के जरी मागे ठेवता आले तरी दुरुस्तीच्या फोनला उत्तर लवकर येतं.

कराराचं शीर्षक काहीही असो, त्यावर कंपनीचं चिनी नाव, पत क्रमांक आणि गोल लाल शिक्का हवा. सहीपेक्षा शिक्क्याला वजन आहे. चिनी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर, मशीनचा कागद जोडपत्र म्हणून, चाचणीचे निकष आकड्यांत, उशिराचा दंड, आणि वाद झाला तर लवाद कुठे. न्यायालयाचा हुकूमनामा एका देशातून दुसऱ्या देशात वठवणं जवळजवळ अशक्य आहे. लवादाचा निवाडा मात्र न्यूयॉर्क करारामुळे वठवता येतो, म्हणून हाँगकाँग किंवा सिंगापूरचा लवाद लिहून घ्या. तुमच्या ब्रँडचा माल तिथे बनवून घेणार असाल तर ट्रेडमार्क चीनमध्येही आधी नोंदवा. तिथे जो आधी नोंदवतो त्याचा हक्क मानतात.

इन्व्हॉइस कमी किमतीचं बनवून देऊ, असं कोणी सुचवलं तर हसून नाही म्हणा. आपल्याकडचं कस्टम्स तशाच मशीनच्या आधीच्या आयातीशी किंमत ताडून बघतं. शिवाय बँकेतून गेलेली रक्कम आणि बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला दिलेला आयातीचा कागद) जुळलं नाही तर बँक विचारते.

रोज संध्याकाळी हॉटेलवर, त्या दिवशी काय ठरलं ते दहा ओळींत लिहून ईमेल करा आणि उत्तरात ‘मान्य’ एवढंच मागा.

परत आल्यावर

सगळ्यात मोठा धोका आता असतो. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, उरलेली रक्कम नव्या खात्यावर पाठवा’ असा ईमेल येतो. लेटरहेड तेच, शिक्का तोच, ईमेल पत्त्यात एखादं अक्षर वेगळं. अशा ईमेलवर एक रुपयाही हलवू नका. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल करा, मालकाला समोर बघा, खात्याचा नंबर त्याच्या तोंडून ऐका. खातं कराराच्या कंपनीच्याच नावाचं हवं. एखाद्या व्यक्तीच्या नावावर पैसे कधीच नाहीत.

पेटी भरताना फोटो आणि व्हिडिओ मागवा. लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का दिसायला हवा, नाहीतर माल बंदरात अडकतो. बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीचा) मसुदा येतो तेव्हा तुमचं नाव, जीएसटी क्रमांक, एचएस कोड आणि नगांची संख्या एकेक अक्षर वाचा; छापून झाल्यावर दुरुस्तीला दिवसही जातात आणि डॉलरही. निंगबोहून न्हावा शेवा साधारण तीन आठवडे धरा. त्या काळात जागा, वीज आणि हवेचा कॉम्प्रेसर तयार ठेवा.

पेटी उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील तोडण्यापासून. काही मोडलेलं दिसलं तर कराराच्या मुदतीत, फोटोसह, त्याच शांत भाषेत कळवा. आणि मशीन नीट चालू झालं की त्याचाही व्हिडिओ पाठवा: तुमचे कामगार, तुमची हळद, पट्ट्यावरून सरकणारे पाऊच. आमच्या छन त्सोंगांनी असा एक व्हिडिओ कारखान्याच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लावून ठेवला आहे. पुढच्या फेरीला मी गेलो तेव्हा चहा ओतता ओतता त्यांनी तो मलाच दाखवला, आणि मग फोरमनला हाक मारून सीलिंग जॉचा नवा नमुना आणायला सांगितलं.